पहिल्यांदा अ‍ॅनिमे कॉनला जाताय? मग मुरलेल्या लोकांकडून एवढं उचला

कॉनला, म्हणजे फॅन लोकांच्या मेळाव्याला, नवखा कोण आणि मुरलेला कोण हे कुणी किती अ‍ॅनिमे बघितलेत त्यावरून ठरतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं काही नसतं. वन पीसचे हजारच्या वर एपिसोड झालेत, ते सगळे बघितलेला माणूससुद्धा पहिल्या कॉनच्या गेटात भांबावतोच. आणि दोनचारच सिरीज बघितलेली एखादी मुलगी, जी दरवर्षी येते, ती सरळ आत जाते, कुठे वळायचं तिला माहीत असतं. खरा फरक म्हणाल तर हा, की नवख्याला सगळंच बघायचं असतं आणि मुरलेल्यानं काय सोडायचं ते घरूनच ठरवलेलं असतं.

म्हणून पहिलं काम शेड्यूल. कॉनच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर ते आधी येतं, ते बसून नीट वाचा आणि प्रत्येक दिवसाच्या फक्त दोन-तीन गोष्टी निवडा, ज्या हुकल्या तर खरंच हळहळ वाटेल अशा. बाकी सगळं जमलं तर जमलं. मोठ्या पॅनलची (स्टेजवरच्या चर्चेची) लाइन तास-दीड तास आधी लागते आणि रूम भरेल एवढी लोकं झाली की लाइन बंदच करतात, मग कितीही गयावया करा, व्हॉलंटियर आत सोडत नाही. इथे जुनी खोडं एक गोष्ट आधीच विचारून ठेवतात, की दोन पॅनलच्या मध्ये रूम रिकामी करतात का? करत नसतील तर ती सरळ आधीच्या पॅनलला जाऊन बसतात, विषय काहीका असेना. (आणि कधीकधी तोच कंटाळवाणा वाटणारा पॅनल दिवसातला सगळ्यात भारी निघतो.) ऑटोग्राफचं प्रकरण वेगळं, त्याला बऱ्याचदा वेगळं तिकीट किंवा लॉटरी असते आणि ती कॉनच्या आधीच होऊन जाते, तेव्हा तिथे गेल्यावर बघू असं करू नका.

तयारी कुठपर्यंत जाऊ शकते ते बघायचं तर टोकियोचं कॉमिकेट बघा, दोजिंशीचा म्हणजे फॅन लोकांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा बाजार. १९७५ च्या डिसेंबरमध्ये ३२ सर्कल्स (दोजिंशी काढणारे गट) आणि साधारण ७०० लोकांवर सुरू झालेलं, आता ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये टोकियो बिग साइटला भरतं आणि गर्दी लाखांत असते. तिथली जुनी मंडळी कॅटलॉग घेऊन आधीच नकाशावर खुणा करतात, कुठलं सर्कल पहिलं, कुठलं दुसरं, मित्रांमध्ये हॉल वाटून घेतात आणि सुट्टी नाणी जमवून नेतात, कारण दोजिंशी विकणारा स्वतःच टेबलामागे बसलेला असतो आणि मोठी नोट पुढे केली की त्याची पंचाईत. शिवाय तिथे येणाऱ्याला गिऱ्हाईक समजतच नाहीत, विकणारा, घेणारा, कॉस्प्लेयर (पात्राचा वेश करून येणारा), स्टाफ सगळे सहभागीच. घरून कॉस्प्ले घालून येणं तिथे चालत नाही, आत येऊन बदलायचं आणि बाहेर पडायच्या आधी परत साधे कपडे. लॉस एंजेलिसच्या अ‍ॅनिमे एक्स्पोला उलट, हॉटेलपासून रस्ताभर पूर्ण मेकअपमधली लोकं चालत येताना दिसतात. त्यामुळे एका कॉनचा नियम दुसरीकडे गृहीत धरू नका, साइटवरचं नियमांचं पान वाचाच, कुणीच वाचत नाही ते.

खरेदी. नवखा पहिल्याच स्टॉलवर अर्धे पैसे उडवतो. मुरलेला आधी एक फेरी मारतो, पण यात एक मेख आहे जी पटकन कुणी सांगत नाही: आर्टिस्ट अ‍ॅलीला (कलाकार स्वतःचं काम विकायला बसतात तो भाग) हा नियम उलटा. तिथले प्रिंट, स्टिकर, झीन (छोट्या पुस्तिका) थोडेच छापलेले असतात आणि कमिशनचे, म्हणजे सांगून काढून घ्यायच्या चित्रांचे, स्लॉट पहिल्या दिवशीच भरतात, तेव्हा आवडलं की घ्या आणि कमिशन आधी बुक करा. कारखान्यात बनलेलं सामान, म्हणजे फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), टीशर्ट वगैरे, ते कुठे पळून जात नाही, काही विक्रेते शेवटच्या दिवशी किंमतही उतरवतात. फिगर घेताना डब्यावर बनवणाऱ्या कंपनीचा लोगो बघा, छपाई धूसर आहे का बघा, चेहऱ्याचा रंग डोळ्याबाहेर गेलाय का बघा. नेंडोरॉइड (मोठ्या डोक्याची छोटी फिगर) कुणी फारच स्वस्तात देत असेल तर ते बहुतेक नकली. आणि प्रिंट न्यायला कडक फोल्डर ठेवा, बॅगेत दुमडलेलं पोस्टर परत सरळ होत नाही.

कॉस्प्ले करणार असाल तर कॉनच्या आधी घरात दोन तास पूर्ण ड्रेस घालून वावरा. बसून बघा, जिना चढा, आणि हो, बाथरूमला जाता येतंय का तेही बघा, हसू नका, अर्ध्या लोकांचं चिलखत तिथेच फसतं. सोबत सेफ्टी पिन, सुई-दोरा, दोन बाजूंनी चिकटणारी टेप, ग्लू आणि विगचा ब्रश असलेली छोटी पिशवी. तलवार, बंदूक असेल तर आत आल्या आल्या प्रॉप चेकिंगला जा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, वाटेच्या मधोमध थांबवू नका आणि खांद्यावर हात टाकायचा असेल तर तेही विचारूनच. न्यूयॉर्क कॉमिक कॉनला २०१४ पासून मोठे बोर्ड लागतात, कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे असे, ते उगाच नाही लावलेले.

अमेरिकन कॉन्समध्ये ५-२-१ म्हणून एक जुना नियम सांगतात: रोज किमान ५ तास झोप, २ वेळा जेवण, १ अंघोळ. डिओ मारला म्हणजे अंघोळ झाली असं नसतं, बंद रूममध्ये शेजारी बसलेल्याला विचारा.

आता बोलण्याचं. आजच्या नवीन फॅनला जपानमध्ये एपिसोड आला की थोड्या वेळात सबटायटलसकट स्ट्रीमिंगवर मिळतो. जुन्यांपैकी काहींनी फॅनसबच्या, म्हणजे फॅन लोकांनीच सबटायटल घातलेल्या, व्हीएचएस टेप, त्याही कॉपीची कॉपी केलेल्या, एकमेकांकडून मागवून बघितलेल्या आहेत, त्यामुळे काहींच्या अंगात थोडी मस्ती असते आणि तुमच्या टीशर्टकडे बघून परीक्षा घ्यायला लागतात. अशा वेळी बघितल्याचं नाटक करू नका. सरळ म्हणा, नाही बघितलंय, कुठून सुरू करू? मग तो माणूस अर्धा तास बोलायचा थांबत नाही, आणि त्याची लिस्ट बहुतेक वेळा चांगलीच असते. जे स्वतः मुरलेले आहेत त्यांना माझं एवढंच, की समोरचा कुठपर्यंत पोचलाय ते विचारल्याशिवाय शेवट फोडू नका, सिरीज वीस वर्षं जुनी असली तरी.

पॅनलच्या प्रश्नोत्तरात माइक हातात आला की एका वाक्यात प्रश्न विचारा. तुमचं सगळं आयुष्य त्या व्हॉइस अ‍ॅक्टरला सांगायचं नाही, मिठी मागायची नाही, आधीच्यानं विचारलेलंच परत विचारायचं नाही, मागे अजून वीस जण उभे असतात.

शेवटच्या दिवशी निघायच्या आधी रजिस्ट्रेशन डेस्कवर एक चक्कर मारा, काही कॉन पुढच्या वर्षीचा बॅज (प्रवेशाचा पास) तिथेच कमी दरात विकतात.