चातुर्मासाचा नेम: एक सवय सोडायची रीत

घरात पसारा वाढला, मन उबगलं की माणसं आधी कपाट उघडतात. माझा सल्ला असा, की कपाट तूर्त राहू द्या, आधी एक सवय सोडा. सामान सवयीच्या मागून येतं. शिवाय आमच्या इंदुरात टाकून देणं फार सोपं आहे. 2017 ते 2023 सलग देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलेलं हे गाव, कचरागाडी रोज दाराशी येते. ओला, सुका वेगळा केला, गाडीत दिला की घर रिकामं. पण सवय तशीच असेल तर महिन्याभरात त्याच जागी तेच सामान येतं.

सवय सोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. आषाढी एकादशीला नेम धरायचा, कार्तिकीला उद्यापन करायचं. माझ्या सासूबाई श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी वर्ज्य करायच्या. मी तोच साचा ठेवला आणि त्यात आजच्या सवयी घातल्या. उत्तरेचं पंचांग पाळणाऱ्या शेजारणीचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, पण आषाढी दोघींची एकच, त्यामुळे नेम जोडीनं धरता येतो. सोबत असली की फार बरं पडतं. अधिक महिना मध्ये आला तर मात्र पाच महिन्यांची तयारी ठेवा; 2023 साली अधिक श्रावणामुळे तसंच झालं होतं.

नेम एकच धरावा, आणि तो रोज हाताशी येणाऱ्या गोष्टीचा असावा. मी पहिल्यांदा शेव सोडली. इंदूरबाहेरच्यांना यात काय मोठं असं वाटेल. इथे सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरणभातावर शेव, पाहुणा आला की चहाबरोबर शेव, आणि शेवेसाठी प्रसिद्ध रतलामही फार लांब नाही. अशा वेळी 'कमी खाईन' हा नेम टिकत नाही, कारण किती म्हणजे कमी हे रोज नव्यानं ठरवावं लागतं आणि त्यातच जीव थकतो. 'कार्तिकीपर्यंत नाही' हे एकदाच ठरतं.

घरच्यांवर नेम लादू नका. त्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवा, आपल्या हाताला सहज लागणार नाही असा. सोडलेल्या जागी दुसरं तळण आणू नका, आहे तेच नीट करा. पोह्यांवर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरलं की पुरतं. वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी आणि वर साजूक तूप. शेवेचं मीठ-तिखट बाजूला झालं की तुरीच्या वरणाला स्वतःची गोडी असते हे जिभेला कळायला लागतं, आणि मला यातलं खरं सुख तिथेच मिळालं. पाहुण्याघरी कोणी ताटात वाढलीच तर वाद न घालता 'नेम आहे' एवढंच म्हणावं. मराठी घर असो की मालवी, या शब्दाला अजून मान आहे. मोडलाच नेम, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचा आणि चुकलेले दिवस कार्तिकीनंतर भरून काढायचे.

मौन भोजन हाही जुनाच नेम. आज त्याचा अर्थ टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. याबद्दल जास्त सांगत नाही, आठ दिवस करून पाहा.

कापडाचा नेम सर्वांत अवघड, कारण गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं याच चार महिन्यांत येतं. नवीन साडी घ्यायची नाही असं ठरवलंत तर भावाला राखीच्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे भाऊबीजेला ओवाळणीत साडी येणार नाही. शीतलामाता बाजारात, म्हणजे इथल्या कापडबाजारात, 'नुसतं बघायला' जाऊ नका. रवा-बेसन आणायला राजवाड्याकडे जायचं असेल तर यादी आणि तेवढेच पैसे घेऊन जा. नवरात्रातल्या नऊ रंगांसाठी जावेशी, नणंदेशी साड्यांची अदलाबदल करा. कपाटातल्या महेश्वरी एकेक करून नेसा, आणि नेसलेली साडी परत ठेवताना घडीच्या टोकाला दोरा बांधा. कार्तिकीला ज्यांना दोरा नाही त्या देऊन टाकायच्या, हे आपसूक ठरतं. त्या साड्या बोहारणीला देऊ नका, कारण साडी गेली तरी बदल्यात भांडं घरात येतं.

भांड्यांचं खरं मूळ संक्रांतीच्या हळदीकुंकवात आहे. दर वर्षी वाण म्हणून वाट्या, चाळण्या, प्लास्टिकचे डबे येतात आणि तितकेच आपण लुटतो. हा प्रघात कोणीतरी एकीनं बदलावा लागतो. मी आता गूळ नाहीतर जीरावणाची पुडी देते. कोणाला ते कमी वाटलं तर वाटू द्यावं. वाणाचं मोल देण्याघेण्यात आहे, आणि पुडी संपली की मागे काही उरत नाही. साठलेलं स्टील, पितळ बर्तन बाजारात वजनावर मोडीत द्यावं आणि बदल्यात नवं न घेता पैसेच घ्यावेत.

आता उद्यापन. जे सोडलं तेच दान करायचं अशी रीत आहे, आणि ती चुकवू नये. नमकीनच्या दुकानात जायची वेळ टळली की तेवढे पैसे एका डब्यात टाकत जा. कार्तिकीला त्याच पैशांची शेव आणि मिठाई घेऊन कामाच्या बाईंना, कचरागाडीवरच्या मंडळींना द्या.

दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं सुरू करायची घाई करू नका. कार्तिकीच्या आधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा, काय परत घ्यायचं आणि काय नाही. माझ्याकडे शेव पोह्यांवर परत आली, वरणभातावर आली नाही. मौन भोजन वर्षभर चालतं. साडीचा नेम मी दर चातुर्मासात नव्यानं धरते, कायमचा करायचा विचार नाही. पुढच्या आषाढीला काय सोडायचं तेही त्याच पानावर लिहा. नेम अजून सरलेला नसतो, त्यामुळे तेव्हा ते चटकन सुचतं.