मानांकनाची तयारी पाठ निरीक्षणाच्या वहीपासून

अध्यापक महाविद्यालयाच्या मानांकनाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी फायली जमवायला घेतल्या. कार्यक्रमांचे फोटो, आभारपत्रं, हजेरीपत्रकं. दोन महिने त्यात गेले. आता कुणी विचारलं तर सांगते, आधी छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, पाठ निरीक्षणाच्या वह्या काढा आणि सगळ्या प्राध्यापकांनी एकत्र बसून वाचा.

आमच्या वह्यांत ‘छान’, ‘आवाज चांगला’, ‘फलकलेखन सुधारावे’ यापलीकडे फारसं काही सापडलं नाही. एवढ्यावरून आमचा छात्राध्यापक वर्ग सांभाळू शकतो हे कसं दाखवणार? १९९४ साली स्थापन झालेली, महाविद्यालयांना मानांकन देणारी भारतातली नॅक असो, की माहिती गोळा करण्याच्या किमान तीन फेऱ्यांची आकडेवारी मागणारी, शिक्षक-प्रशिक्षण संस्थांना मानांकन देणारी अमेरिकेतली केप (CAEP), चौकट वेगळी असली तरी तुमचे छात्राध्यापक काय शिकले हे पुराव्यानिशी दाखवावं लागतंच.

म्हणून निरीक्षण तक्ता नव्याने करा. पाच-सहाच मुद्दे घ्या आणि कोणत्या गुणाला वर्गात नेमकं काय दिसायला हवं ते शब्दांत लिहा. मग एका पाठाचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहून, आपसात न बोलता गुण द्या. आमच्याकडे प्रश्नकौशल्याला एका सरांनी ५ पैकी ५ दिले, एका मॅडमनी २. सरांनी प्रश्न मोजले होते. मॅडमचं लक्ष होतं ते प्रश्न विचारल्या विचारल्या मुलाचं नाव घेतलं जात होतं याकडे. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच दाखवलं होतं: शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीनेक सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ‘प्रश्नानंतर किमान ३ सेकंद थांबतो’ हे वाक्य आमच्या तक्त्यात त्या दिवशी आलं, आणि सूक्ष्म अध्यापनाचे (एकेका कौशल्याच्या सरावासाठीचे छोटे) पाठही आम्ही त्यानुसार बदलले. त्या बैठकीचं इतिवृत्त, दोन्ही तक्ते आणि आधी-नंतरचे गुण एका फायलीत ठेवा. माझ्या मते अख्ख्या अहवालातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

छात्राध्यापक प्रत्यक्ष शिकवण्याच्या अनुभवासाठी जातात त्या आंतरवासितेच्या शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांना ‘समाधानी आहात का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’च म्हणतात. ‘या विद्यार्थ्यावर आठवडाभर वर्ग सोपवाल का? धास्ती कशाची वाटेल?’ असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या.

इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची माहिती कार्यालयाकडून वेळेत मागवली की झालं.

उणिवा अहवालात स्वतःहून लिहा, सोबत केलेला बदल आणि त्याची तारीखही. मागच्या तारखेची इतिवृत्तं मात्र कुणी कितीही आग्रह धरला तरी लिहू नका. मानांकनासाठी येणारी समिती विद्यार्थ्यांशी वेगळं बोलते आणि न झालेली गोष्ट तिथे उघडी पडते.

पाठ टाचणांचे नमुने निवडताना उत्तम, मध्यम आणि कच्चे असे तिन्ही घ्या. कच्च्या टाचणाला त्याच छात्राध्यापकाचं पुढच्या सत्रातलं टाचण जोडायला विसरू नका.