डोंगरातली सायकल भटकंती: गिअरचे दाते, ब्रेकची उष्णता आणि नदीचं वेळापत्रक

सपाटीवर सामानासकट रोज शंभर किलोमीटर आरामात जाणारे सायकलस्वार डोंगरात ४५ किलोमीटरवर थकून बसतात. तब्येत तीच असते, चुकलेला असतो हिशेब. म्हणून मार्ग आखताना अंतर दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी पाहायचं ते दिवसभरात एकूण किती मीटर चढायचं आहे.

माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन असेल, तर साधारण तब्येतीचा सायकलस्वार तासाला ३०० ते ४०० मीटर उंची चढतो. त्यावरून ढोबळ हिशेब असा: पक्क्या रस्त्यावर दर १५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ३५० मीटर चढाला आणखी एक तास. ४५ किलोमीटर आणि १,४०० मीटर चढ म्हणजे ३ अधिक ४, सात तास. जेवण, पंक्चर आणि विसावा यांचा वेळ वेगळा. रस्ता कच्चा असेल तर १५ ऐवजी १० किलोमीटर धरा.

नदीच्या खोऱ्यातल्या रस्त्यांवर हा हिशेब एका जागी हमखास फसतो. सकाळचं गाव ९०० मीटरवर, मुक्कामाचं १,२०० मीटरवर, म्हणजे ३०० मीटरच चढायचं, असं नकाशा पाहून वाटतं. पण रस्ता नदीकाठाने न जाता डोंगराच्या कुशीतून जात असेल, तर प्रत्येक ओढ्यापाशी तो आत वळतो, पुलापर्यंत खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. अशा दहा ओढ्यांवर ५० मीटर गमावून परत मिळवले, तर ३०० चे ८०० होतात. म्हणून दोन गावांच्या उंचीतला फरक पाहून थांबू नका, चढांची बेरीज पाहा. मोबाइलवरचे नकाशे अरुंद घळीत आणि बोगद्यांपाशी उलट चूक करतात. ते कड्याची उंची रस्त्याची म्हणून धरतात आणि नसलेला चढ दाखवतात. आलेखात एखादं टोकदार शिखर दिसलं, तर तिथे बोगदा आहे का ते आधी बघा.

सर्वांत हलका गिअर

डोंगरासाठी सायकल निवडताना फ्रेमच्या धातूपेक्षा दात्यांचा हिशेब महत्त्वाचा. पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगच्या, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्राच्या, दात्यांना मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांनी भागा. पुढे २२ आणि मागे ३४ असतील तर उत्तर ०.६५ येतं. चाकाचा परीघ साधारण २.१५ मीटर असतो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ५ किलोमीटर. लांब चढावर सामानासह इतकाच वेग टिकतो.

आता रस्त्यावरच्या शर्यती सायकलचा ३४/२८ गिअर (पुढे ३४ दाते, मागे २८) घ्या. त्याच वेगासाठी तिथे मिनिटाला ३२च फेऱ्या बसतात. प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जवळजवळ दुप्पट जोर येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागतो. भागाकार ०.७ च्या खाली आला पाहिजे. येत नसेल तर निघण्याआधी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) किंवा चेनरिंग बदला. मोठ्या कॅसेटला तितकी क्षमता असलेला मागचा डिरेलर, म्हणजे साखळी चक्रांवरून सरकवणारा भाग, आणि जास्त लांब साखळी लागते, हे विसरू नका.

गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करा. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदलला तर साखळी दोन चक्रांच्या मध्ये अडकते किंवा तुटते. नागमोडी वळणात आतली बाजू जास्त उभी असते. समोरून काही येत नसल्याचं स्पष्ट दिसत असेल तर बाहेरच्या बाजूने चढा. १२ टक्क्यांपुढच्या (१०० मीटरला १२ मीटर) चढावर सुटी खडी असेल तर उतरून ढकलणंच शहाणपणाचं, वेग तोच पडतो आणि पाय वाचतात. त्यासाठी चालता येईल असेच बूट घाला.

सामान आणि चाकं

सगळं ओझं मागच्या कॅरिअरवर टाकलं तर उभ्या चढावर पुढचं चाक उचलतं आणि उतारावर हँडल थरथरायला लागतं. साधारण ६० टक्के मागे आणि ४० टक्के पुढे अशी विभागणी ठेवा. जड वस्तू खाली, चाकाच्या आसाजवळ. डाव्या-उजव्या पिशवीतला फरक अर्ध्या किलोच्या आत असावा. वेगात थरथर सुरू झालीच, तर हँडल घट्ट आवळू नका. वरच्या नळीला दोन्ही गुडघे दाबून धरा आणि हळूहळू ब्रेक लावा. नंतर थांबून हेडसेट (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तिथलं बेअरिंग) सैल आहे का आणि कॅरिअर हलतंय का ते पाहा, कारण बहुतेक वेळा दोष या दोनपैकी एकात असतो.

टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे घ्या. ४५ मिलिमीटरच्या टायरला एकूण १०० किलो वजनासाठी मागे ४५ आणि पुढे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करून रस्त्याप्रमाणे हवा कमी-जास्त करा. मागच्या चाकाला ३६ आरे असावेत. आरे तुटतात ते बहुधा मागच्या चाकाच्या कॅसेटकडच्या बाजूला, वाकलेल्या मानेपाशी, कारण तिथे ताण सर्वांत जास्त असतो. त्याच मापाचे चार आरे फ्रेमला चिकटवून न्या. त्या बाजूचा आरा बदलायला कॅसेट काढावी लागते. त्याचं साधन नसेल तर तुटलेला आरा काढून टाका आणि त्याच्या दोन्ही शेजारचे, म्हणजे विरुद्ध बाजूने ओढणारे आरे, अर्धा फेरा सैल करा. रिम, म्हणजे चाकाची बाहेरची कडी, बऱ्यापैकी सरळ होते आणि पुढच्या मोठ्या गावापर्यंत जाता येतं.

उतार

चढाची भीती सगळ्यांना वाटते, अपघात मात्र उतारावर होतात. १०० किलो वजन १,००० मीटर खाली आलं की सुमारे ९८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्यात जवळजवळ तीन लिटर साधं पाणी उकळीला येईल. ही ऊर्जा हवेत जाते किंवा ब्रेकमध्ये. ८ टक्क्यांच्या उतारावर ताशी ३० किलोमीटरचा वेग ब्रेक दाबून धरून ठेवला, तर ब्रेकमध्ये दर सेकंदाला ४०० ज्यूलच्या आसपास उष्णता तयार होते. मध्यम वेगाने, ब्रेक सतत घासत उतरणं सर्वांत वाईट ते यामुळे. रस्ता मोकळा, कोरडा आणि पुढचं स्पष्ट दिसणारा असेल, तर सरळ टप्प्यात सायकल सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग ताशी २० पर्यंत आणा आणि वळणात ब्रेक सोडून द्या. मधल्या वेळात ब्रेक निवतात. रस्ता खराब असेल तर ताशी १५ नेच उतरा आणि दर १५० ते २०० मीटर उतारानंतर पाच मिनिटं थांबा.

रिमवर दाबणारे रिम ब्रेक तापले की रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि टायर फुटू शकतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क ब्रेकमध्ये तेल तापलं की ब्रेकची लीव्हर मऊ पडून हँडलपर्यंत येते. दोन्हींत उपाय एकच, थांबणं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. पावसात चिखलाची बारीक रेती ब्रेकचे पॅड कानशीसारखी खाते. मऊ रेझिनचे पॅड एका लांब ओल्या उतारात संपलेले दिसतात. पॅडच्या दोन जोड्या जवळ असल्याच पाहिजेत, ओल्या प्रदेशासाठी धातूमिश्रित.

खिंडीवर पोचलात की उतरायच्या आधी, अंग गरम असतानाच, ओला शर्ट बदला आणि वारा अडवणारं जॅकेट व हातमोजे घाला. दर १,००० मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड असते. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

नदीचं वेळापत्रक

खोऱ्यात दिवस कसा बसवायचा हे नदीकडून शिकावं. स्वच्छ हवामानात सकाळी ऊन वर आलं की उतार तापतात आणि वारा खोऱ्यातून वरच्या दिशेला वाहू लागतो. दुपारी तो सर्वांत जोरात असतो, रात्री उलटून खाली वाहतो. तेव्हा उगमाकडे जायचं असेल तर दुपारचा वारा पाठीशी घ्या. मुखाकडे उतरायचं असेल तर पहाटे निघून दुपारपर्यंत पोचा, नाहीतर उतारावरही पेडल मारावं लागतं.

बर्फातून येणारे ओढे पहाटे सर्वांत उथळ असतात. दिवसभराचं वितळलेलं पाणी दुपारनंतर येतं, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी कमरेला लागतो. पूल नसलेला ओढा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेवर टाका. उतरायचंच झालं तर पात्र जिथे रुंद आहे तिथून, कारण रुंद जागी पाणी उथळ. पिशव्या काढून आधी रिकाम्या हाताने पलीकडे जाऊन या, मग पिशव्या न्या आणि शेवटी सायकल. बूट घालूनच उतरा, आणि सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे पाण्याच्या धक्क्याने ती तुमच्यावर येणार नाही. पाणी गढूळ होऊन दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर परत फिरा. झुलत्या पुलावर आणि साकवावर पुढच्या पिशव्या काढून एकेकानेच जावं.

तंबू नदीपात्रात लावू नका, कितीही सपाट वाळू दिसली तरी. वर कुठेतरी झालेला पाऊस किंवा धरणातून सोडलेलं पाणी रात्री आवाज न करता येतं. शिवाय थंड हवा तळाशी साचते. ३० ते ५० मीटर वर चढलात तर रात्र चांगलीच उबदार जाते.

दरडीचंही असंच. पावसानंतर लगेच आणि गोठलेल्या कड्यावर पहिलं ऊन पडलं की दगड सुटतात. रस्त्यावर ताजे, पांढऱ्या कडांचे दगड दिसले तर तिथे फोटोलाही थांबू नका.

चढावर तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, म्हणून तीन-चार लिटर मावेल एवढी सोय हवी. पाणी गावाच्या वरच्या बाजूचं घ्या. हिमनदीचं पांढुरकं पाणी आधी भांड्यात निवळू द्या, नाहीतर गाळणी लगेच तुंबते. पोकळ तंतूंची गाळणी एकदा गोठली की निकामी होते आणि बाहेरून ते कळत नाही. रात्री ती झोपायच्या पिशवीत ठेवा. पाणी उकळणार असाल तर २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा. आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर वर जाऊ नका. झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी.

हत्यारं

४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, साखळी तोडायचं यंत्र, साखळी जोडायच्या दोन क्विक लिंक, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा, पंप, गिअरची एक केबल, कॅरिअरचे चार एम-५ स्क्रू, दहा केबल टाय. आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेतल्या गावात मिळत नाही. सायकल उजवीकडे पडली की हँगर आत वाकतो. पुढच्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांत जातो आणि चाक, डिरेलर, साखळी एकदम जातात. सायकल आडवी ठेवायची तर नेहमी डाव्या अंगावर. पडली असेल तर मागून पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चक्रं साखळीच्या रेषेत उभी दिसली पाहिजेत.

गावात शिरताना वेग कमी करा, गुरांच्या मागून घंटी वाजवू नका. ती बिथरतात, तोंडाने हाक द्या. राखणीचं कुत्रं धावून आलं तर उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत राहा. पाठलाग बहुतेक वेळा तिथेच थांबतो. रस्ता विचारताना "किती लांब" असं विचारू नका, गाडीने जाणाऱ्याला चढ जाणवत नाही. पुढचा पूल शाबूत आहे का, मालवाहू गाडी आज तिकडून आली का, पाणी शेवटचं कुठे मिळेल, हे तीन प्रश्न विचारा, आणि दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा.