गोदावरीत पाणी सोडलेलं असताना गळ टाकताय? या चुका टाळा

खाडीवर गळ टाकणाऱ्याला पाण्याची वेळ आधीच ठाऊक असते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, हे ठरलेलं. पैठण ते नांदेडच्या गोदावरीला असं पंचांग नाही. इथं पाणी चढतं-उतरतं ते नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, २७ दरवाजांवर आणि खालच्या बंधाऱ्यांवर. म्हणून आमिषाआधी विसर्गाची चौकशी करा.

आभाळ बघून पात्रात उतरणं ही सगळ्यात घातक चूक. पैठणला कडक ऊन असतं, पण नाशिककडच्या धरणांतलं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून नाथसागरात येत असतं. धरण भरत आलं की ते पुढं सोडावंच लागतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १० हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर. पात्रातल्या खडकावर किंवा वाळूच्या बेटावर बसलात तर समोरचं पाणी वाढलेलं कळायच्या आधी पाठीमागची सखल चर भरते आणि परतीची वाट बंद होते. काठावर एक काडी रोवा, तिच्यावर खूण करा. पाणी खुणेवर गेलं किंवा पाणी सोडल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, आधी वर या.

दुसरी तक्रार नेहमीची: "गळ एका जागी राहतच नाही." दोष बहुतेक गळाला वजन म्हणून लावलेल्या शिशाचा असतो. गोल शिसं धारेत गडगडत जातं. चपटं घ्या, ते तळाला धरून राहतं. पण नुसतं वजन वाढवून भागत नाही. धार खरी दाबते ती पाण्यात बुडालेल्या तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोराला, आणि तंगूस जितका जाड तितका दाब जास्त. बारीक तंगूस वापरा, काठीचं टोक उंच ठेवा म्हणजे कमी दोर पाण्यात राहील. गळ सरळ समोर न टाकता थोडा धारेच्या वरच्या अंगाला टाका आणि शिसं तळाला लागल्यावर थोडा दोर सैल सोडा. दोराला कमान येते आणि शिसं घट्ट बसतं. माशानं ओढलं की शिसं सुटतं, दोर एकदम ढिला पडतो. असा ढिला दोर म्हणजे मासा लागल्याची खूण. नवखी माणसं तिकडं लक्षच देत नाहीत. जलपर्णी वाहून येत असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि आडोशाची जागा शोधा.

नदीच्या मध्यावर लांब फेकण्याचा सोस मला पटत नाही. जोराच्या धारेत मासा ताकद वाया घालवत नाही. तो पुलाच्या खांबामागं, वळणाच्या आतल्या अंगाला, संथ पाण्यात थांबतो. पाणी हळूहळू चढत असताना तर नुकत्याच बुडालेल्या गवतात, काठापासून चार हातांवर चरतो. उतरायला लागलं की डोहाकडं वळा.

चाऱ्याची पेंड नुसती फेकली तर ती पुढच्या गावाला पोचते. शेंगदाण्याची पेंड काळ्या मातीत मळून घट्ट गोळे करा. ते तळाला जाऊन सावकाश विरघळतात. तळाला चरणारा मृगळ यावर येतो. कटला वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी तळाला गळ लावून उपयोग नाही. गढूळ पाण्यात गांडूळ लावा.

जुलैची पद्धत नोव्हेंबरात चालवू नका. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. ते बंद झाले की बंधाऱ्यामागं पाणी तुंबतं, तिथं जड शिसं नको, हलका तरंगा पुरतो.

आणि पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली रोहू-मृगळची मादी लागली तर ओल्या हातानं गळ काढून लगेच सोडून द्या. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, शिवाय मासेमारीचे हक्क ठेकेदाराकडं किंवा सहकारी संस्थेकडं असू शकतात; बसायच्या आधी तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्या. आज पाणी किती वाजता सुटलं, हेही तेच सांगतील.