खर्डा पुन्हा रगडण्याआधी

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला की महिना-दीड महिना तो उघडायचा नाही. (कोल्हापुरात खर्डा म्हटलं की आधी भाकरी आठवते, ते असू दे.) लगेच वाचायला बसलं तर पानावरचं सोडून मनातलंच वाचलं जातं. गाळलेले दुवे दिसत नाहीत.

या सुट्टीत एकच काम करायचं. कादंबरी कुणाची, त्याला काय पाहिजे आणि शेवटी काय बदललेलं असतं, हे वहीत तीन वाक्यांत लिहायचं. ‘ही कादंबरी शेतकऱ्यांच्या व्यथेची आहे’ असलं वाक्य कामाचं नाही. त्यावरून कुठलं प्रकरण ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ते ठरत नाही. ‘थोरल्याला गुऱ्हाळ विकायचं नाही आणि ते विकल्याशिवाय धाकट्याला पुण्यात घर घेता येत नाही’ यावरून ठरतं. जोतिबाच्या यात्रेचं बारा पानी वर्णन या भांडणात काही घालतंय का, एवढंच मग तपासायचं.

वाचण्यासाठी खर्डा कागदावर छापण्याआधी मूळ फाइलची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ हमखास मोडतात. आधी ‘गुऱ्हाळ’ आणि ‘दुसऱ्या’ शोधून बघा. तिथं ठीक असेल तर बाकीचं बहुतेक ठीक असतं.

अक्षर १४ पॉइंटचं, ओळींत दुप्पट अंतर, छपाई एकाच बाजूला, डावीकडं दीड इंच समास. पानाला साधारण २५० शब्द धरले तर ७०,००० शब्दांची २८० पानं होतात. छपाई लेझरवर करा. पावसाळी हवेत इंकजेटची शाई ओल्या बोटाला लागते. दुकानदार स्पायरल मारू का म्हणून विचारेलच. नको म्हणा. एकदा स्पायरल मारलं की प्रकरणं मागं-पुढं करून बघता येत नाहीत. सुटी पानं बॉक्स फाइलमध्ये ठेवा, पण पानांवर क्रमांक हवेतच.

पहिल्या वाचनात दुरुस्ती नाही, फक्त समासात खुणा. सोबत एक तक्ता भरत जायचा: प्रसंग कुठं घडतो, कधी, कुणाच्या नजरेतून, किती शब्दांत आणि त्यात काय बदललं. शेवटचा रकाना कोरा राहिला तर तो प्रसंग शेजारच्यात मिसळावा, नाहीतर काढावा. सलग तीन प्रसंगांत हा रकाना कोरा असेल तर वाचक पुस्तक तिथंच खाली ठेवणार.

त्यानंतर प्रत्येक फेरीला एकच हेतू, तोही कागदावर लिहून: आधी रचना, मग माणसं आणि त्यांचं बोलणं, मग काळ-स्थळ, मग वाक्यं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं, कारण ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना काम केल्याचं समाधान मिळतं. पण घासूनपुसून लख्ख केलेला परिच्छेद नंतर कापायला हात धजत नाही.

बोलीचा कागद वेगळा करा. निवेदनात ‘झालं’ की ‘झाले’, ते एकदाच ठरवा. ‘आक्का’ की ‘अक्का’, तेही. इकडं कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. मुद्रितशोधक ते इमानेइतबारे ‘येते’, ‘जेवले’ करून टाकेल, म्हणून हे मुद्दाम ठेवलंय असं कागदावर लिहून त्याला द्या. पण पुण्यात वाढलेली सूनही पहिल्याच दिवशी ‘मी येतो’ म्हणत असेल तर ती चूक तुमची.

काळासाठी कथेच्या सालचं पंचांग जवळ हवं. ज्येष्ठात गुऱ्हाळ पेटवू नका. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस, तोही मावळतीला. सकाळच्या प्रसंगात तो घालता येत नाही. १९५८ साली कॉलेजात असलेला मुलगा शिवाजी विद्यापीठाचा पदवीधर दाखवला असेल तर तपासा, विद्यापीठ १९६२ चं आहे.

पात्राचं नाव बदलायचं ठरलं तर ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबू नका. ‘राम’चा ‘बापू’ केला की ‘आराम’चा ‘आबापू’ होतो आणि राजारामपुरीची राजाबापूपुरी. एकेक जागा बघून बदला. सामान्यरूपंही हातानंच: ‘सुमनने’ची ‘शांताने’ होईल, तुम्हाला ‘शांतेने’ पाहिजे असेल.

वाक्यांची फेरी मोठ्यानं वाचून करा. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगानं ७०,००० शब्दांना दहाएक तास लागतात, म्हणजे रोज तासभर धरून दहा-बारा दिवस. जिथं श्वास अडकतो तिथं खूण करा आणि पुढं चला.

मग तिघांना वाचायला द्या; त्यातला एक तरी न लिहिणारा, या मुलखातला हवा. ‘कशी वाटली?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच मिळतं. कुठल्या पानावर उठावंसं वाटलं, कोण कुणाचा कोण ते कुठं कळेना, धाकट्याचं म्हणणं पटलं का, असं विचारा. त्यांच्या प्रती परत येईपर्यंत फाइलला हात लावू नका, नाहीतर त्यांची पान ११२ वरची खूण तुम्ही ११९ वर शोधत बसाल.