परदेशातला वितरक नेमताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला नवा व्यापारी उभा राहिला, तर उधारीवर माल देण्याआधी आपण चार अडत्यांकडे त्याची पत विचारतो. दुबईहून ‘एक कंटेनर पाठवा’ असा मेल आला की मात्र आपणच घाईघाईनं कोटेशन करायला बसतो. कुपवाडला मी हळदीच्या दुधाचा मसाला बनवतो. सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच केलं.

मोठ्या ऑर्डरला भुलणं ही पहिली चूक. खरा वितरक पहिल्याच मेलमध्ये कंटेनर मागत नाही, तो प्रश्न विचारतो. माल किती महिने टिकतो? शिसं आणि कीटकनाशकांचे अंश कुठल्या लॅबमध्ये तपासले? पाकिटावर अरबी मजकूर कोण छापणार? आखाती देशांत खाद्यपदार्थाला अरबी लेबल लागतं, हे त्याला तोंडपाठ असतं. अमेरिकेत परदेशी पुरवठादाराची पडताळणी करणं ही आयातदाराचीच कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणून तिथला माणूस तुमच्या कारखान्याचे कागद मागणारच. ज्याला यातलं काहीच नको आणि जो उलट तुमच्याकडेच ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतो, त्याला उत्तरही देऊ नका.

पत तपासायला परदेशी जावं लागत नाही. ब्रिटनमधली कंपनी असेल तर कंपनीज हाउस या तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर तिचे संचालक आणि जमा केलेले हिशेब फुकट बघता येतात. आपल्या बँकेमार्फत खरेदीदाराच्या बँकेचा अहवाल मागवता येतो. १९५७ साली स्थापन झालेली ईसीजीसी ही सरकारी कंपनी निर्यातीच्या येणे रकमेचा विमा उतरवते आणि प्रत्येक खरेदीदारासाठी उधारीची मर्यादा ठरवते. तिनं मर्यादा नाकारली तर तुम्हीही उधारी नाकारा. शिवाय वितरक सध्या कोणाकोणाचा माल विकतो ते विचारा आणि त्यातल्या दोन भारतीय कंपन्यांना सरळ फोन लावा. आपल्याकडचं कोणी ना कोणी आखातात असतंच. त्याला दुकानात पाठवून रॅकचे फोटो मागवा.

माझं सगळ्यात मोठं नुकसान मात्र फसवणुकीनं नाही, करारानं झालं. एका वितरकाला मी सगळ्या आखाताचे एकट्याचे हक्क तीन वर्षांसाठी लिहून दिले. त्यानं पहिला माल उचलला, पैसेही वेळेवर दिले आणि नंतर गप्प बसला. किमान खरेदीचं कलमच नव्हतं, त्यामुळे त्याला काही म्हणता येईना. त्या काळात दोन चांगले खरेदीदार स्वतःहून आले, त्यांना परत पाठवताना जीव तुटला. आता मी एक देश आणि एक वर्ष एवढंच देतो. दर तिमाहीला ठरलेल्या पेट्या उचलल्या नाहीत तर हक्क आपोआप संपतात, असं लिहून घेतो.

‘इथला ट्रेडमार्क मीच नोंदवून टाकतो’ असं वितरक म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. एकदा नाव त्याच्याकडे गेलं की त्या देशात दुसरा वितरक नेमणं अवघड होतं. भारत २०१३ पासून आणि अमिराती २०२१ पासून माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, म्हणजे भारतातल्या अर्जाच्या आधारावर तिथली नोंदणी इथूनच मागता येते.

‘कागद बँकेतून पाठवले, आता पैसे कुठे जातात’ हा समजही अर्धाच खरा. समुद्रमार्गे माल पाठवताना बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, खरेदीदाराच्या नावावर न करता ‘टू ऑर्डर’ केली आणि मूळ प्रती बँकेत ठेवल्या, तर पैसे भरल्याशिवाय खरेदीदाराला माल सोडवता येत नाही. विमानानं पाठवलेल्या मालाची पावती, म्हणजे एअरवे बिल, मात्र मालकीचा कागद नाही. विमानानं माल खरेदीदाराच्या नावावर गेला की पैसे न देताही तो सोडवून नेऊ शकतो. नव्या मालाच्या पहिल्या लहान ऑर्डरी तर बहुतेक विमानानंच जातात. त्यांचे पूर्ण पैसे आधी घ्या.

आणि पहिल्याच फोनवर वितरकाला सांगून ठेवा: आमचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवू नका, आधी याच नंबरवर फोन करा.