हाताने चालतं, क्रॉनमधून नाही: प्रोजेक्टरचं वेळापत्रक

सभागृहातला प्रोजेक्टर सकाळी १० ला चालू आणि संध्याकाळी ६ ला बंद व्हावा, म्हणून जुन्या लिनक्स संगणकावरून आरएस-२३२ (सीरियल पोर्टची) केबल ओढली. वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मिनिकॉममधून (सीरियल पोर्टवर हाताने आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम) आज्ञा दिली की काम चोख. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) मात्र लहर लागली तर.

यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर दोन होते आणि रीबूटनंतर त्यांचे क्रमांक अदलाबदल व्हायचे. ‘बाय-आयडी’ फोल्डरमधला, कन्व्हर्टरच्या ओळखीवरून ठरणारा कायमचा पत्ता वापरला, ते मिटलं. (दोन्ही कन्व्हर्टर अगदी एकसारखे स्वस्तातले असतील तर ‘बाय-पाथ’, म्हणजे कोणत्या यूएसबी पोर्टात लावलंय त्यावरून ठरणारा पत्ता, घ्या.)

खरा चिवट प्रकार एकोचा, म्हणजे आलेली अक्षरं तशीच परत पाठवण्याचा. लिनक्समध्ये पोर्टवर एको मुळातच चालू असतो. प्रोजेक्टरने दिलेलं उत्तर त्याच्याच अंगावर परत जायचं आणि पुढची आज्ञा बिघडायची. मिनिकॉम हे गुपचूप बंद करतो, म्हणून हाताने सगळं ठीक वाटायचं. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एसटीटीवायने (पोर्टची सेटिंग बदलणारी आज्ञा) रॉ मोड, म्हणजे अक्षरांत फेरफार न करणारा मोड, लावला, एको बंद केला आणि आज्ञेच्या शेवटी न्यूलाइनऐवजी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची दुसरी खूण) पाठवला.

दिवा थंड होत असताना आमचा प्रोजेक्टर ‘चालू हो’ ऐकतच नाही. त्यामुळे स्क्रिप्ट आधी स्थिती विचारते, गरज पडली तर मिनिटभर थांबून पुन्हा विचारते.